काचपात्रातील कोंबडीच्या रक्षक पेशी

लखनौचा नबाब असफउद्दौला ह्याच्या काळात, 1784 च्या सुमारास, कर्नल मॉर्डंट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने कोंबड्यांची झुंज भरविली होती. तिचे जोहान झोफनी ह्या चित्रकाराने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. झुंजीच्या कोंबड्याची पारख करताना जाणते लोक त्याची नांगी, छाती, मान आणि नजर पाहात. मात्र ज्या शक्तीवर कोंबड्याचे जगणे-मरणे खरोखर अवलंबून असते ती अशी वरून दिसत नाही. ती त्याच्या रक्तात, प्लीहेत, अस्थिमज्जेत आणि शेपटीखालच्या एका लहानशा पिशवीत वास करते. तिचा अभ्यास कोंबडीच्या शरीराबाहेर, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पात्रात कसा करतात, हे येथे सांगावयाचे आहे.

ह्या अभ्यासाची निकड कोणाला आहे असे विचारले तर उत्तर द्यावयास फार दूर जावयास नको. लखनौच्या उत्तरेस कुमाऊँच्या डोंगरात राणीखेत हे गाव आहे. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे कोंबड्यांची जी मरी आढळली तिला त्याच गावाचे नाव मिळाले. इंग्रजी ग्रंथांत न्यूकॅसल रोग म्हणून जो वर्णिला जातो तो हाच. माना वेळावणारी, हिरवट हगवण लागलेली कोंबडी पाहिली की खेडेगावातील बाई आजही ‘मानमोडी आली’ असे म्हणते, आणि चार-सहा दिवसांत तिचे खुराडे रिकामे होते. ह्या रोगाची लस जवळच्याच मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत 1940 नंतरच्या दशकात तयार झाली. (ही संस्था मूळची पुण्याची, 1889 साली तिची स्थापना पुण्यात झाली व नंतर ती डोंगरात नेण्यात आली.) लस चांगली आहे. तरीही कधी कधी असे घडते की लस टोचलेला कळप राणीखेतीनेच मरतो. पाळणारा लसीला दोष देतो, लस टोचणारा पाळणाऱ्याला दोष देतो. खरे कारण पुष्कळदा तिसरेच असते, आणि ते पेशींचा अभ्यास केल्यावाचून कळत नाही.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी ढोबळ मानाने दोन प्रकारच्या आहेत. काही पेशी परक्या जंतूस गिळून पचवितात. 1882 साली मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ ह्यांनी तारामाशाच्या डिंभात काटा टोचून ही क्रिया प्रथम ओळखली. ह्यांतील मोठ्या पेशींस महाभक्षी पेशी म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी लसिका पेशी होत. त्यांतील काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नाश करतात. कोंबडीतही हे दोन्ही वर्ग आहेत. तथापि कोंबडी म्हणजे पिसे असलेला उंदीर नव्हे. तिच्या शरीरात आपल्याप्रमाणे लसिका ग्रंथींचे जाळे नसते, तिच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, आणि तिच्या शरीराचे उष्णतामान 41 अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे आपल्या दृष्टीने कडक तापाइतके असते. उंदरावर बसविलेली कृती कोंबडीस जशीच्या तशी लावणारा मनुष्य ह्या तिन्ही ठिकाणी अडखळतो.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. कोंबडीच्या पंखाखालील शिरेतून थोडे रक्त घेतात व ते गोठू नये म्हणून त्यात हेपरिन घालतात. हे रक्त एका दाट द्रवावर हलकेच ओतून केंद्रोत्सारक यंत्रात फिरविले की पेशी आपापल्या घनतेप्रमाणे थर धरतात. माणसाच्या रक्तात ह्या रीतीने तांबड्या पेशी तळाशी जातात व पांढऱ्यांचा स्वच्छ पट्टा हाती येतो. कोंबडीच्या रक्तात मात्र केंद्रकयुक्त तांबड्या पेशी व कवडीपेशी त्या पट्ट्यात मिसळतात. पुढची युक्ती सोपी आहे. मिळालेले मिश्रण पोषक द्रवासह सपाट पात्रात घालून काही तास उबदार पेटीत ठेवतात. भक्षक वर्गातील पेशी पात्राच्या तळास घट्ट चिकटतात व बाकीच्या तरंगत राहतात. द्रव हलवून ओतून दिला की चिकटलेल्या पेशी उरतात. ह्याहून अधिक पेशी हव्या असतील तर मांडीच्या हाडातील मज्जा काढून तिला वाढ घडविणारे विशिष्ट प्रथिन देतात, म्हणजे सुमारे आठवडाभरात तिच्यातून महाभक्षी पेशी तयार होतात. पोषक द्रवात क्षार, शर्करा, अमिनो अम्ले, जीवनसत्त्वे आणि वासराचा किंवा कोंबडीचा रक्तरस असतो. पेटीतील हवेत पाच टक्के कार्बन डाय-ऑक्साइड राखतात, कारण त्यावाचून द्रवाची अम्लता स्थिर राहात नाही. एखादा बुरशीचा कण आत शिरला तर आठवड्याचे श्रम एका रात्रीत वाया जातात. ह्या कामात बुद्धीपेक्षा हाताची शिस्त अधिक लागते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अशा ताज्या पेशी थोडेच दिवस टिकतात. पेशी शरीराबाहेर कायम जगविता येतील ही आशा जुनी आहे, आणि तिचा उगम कोंबडीतच आहे. अलेक्सी कारेल ह्यांनी 1912 च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा वाढवावयास घेतला. ते संवर्धन 1946 पर्यंत चालू राहिले, व पेशी अमर असतात असे जगाने मानले. 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड ह्यांनी दाखविले की सामान्य मानवी पेशी ठराविक वेळा विभागून थांबतात. मग कारेलच्या पेशी कशा जगल्या? त्यांस खाद्य म्हणून जो गर्भाचा अर्क देत त्यातून प्रत्येक वेळी काही ताज्या पेशी आत जात असाव्यात, हा संभव आज बहुतेकांस पटतो.

अखंड वाढणारे पेशीवंश मिळविण्याचा मार्ग वेगळाच निघाला. कर्करोगकारी विषाणूची लागण झाली की पेशीस विभागणी थांबविण्याचा विसर पडतो. 1979 साली कोंबडीच्या अस्थिमज्जेतील पेशींस अशा एका विषाणूची लागण करून एच्‌डी-11 नावाचा महाभक्षी पेशींचा वंश मिळविण्यात आला. प्रतिपिंडे करणाऱ्या वर्गातील डीटी-40 हा वंश कोंबडीच्या अर्बुदापासून 1985 साली वर्णिला गेला. हे वंश जगभर वाटले गेले आहेत, आणि एका देशातील प्रयोग दुसऱ्या देशात पडताळून पाहता येतो तो त्यांच्यामुळेच. परंतु त्यांचे दीर्घायुष्य रोगातून आले आहे हे विसरता कामा नये. त्यांच्यावर मिळालेले उत्तर ताज्या पेशींवर तपासल्यावाचून खरे धरू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या पेशींना प्रश्न कसे विचारतात? समजा, एच्‌डी-11 पेशींच्या पात्रात जिवाणूच्या आवरणाचा अंश टाकला. पेशी चेततात व नायट्रिक ऑक्साइड हा जंतुघ्न वायू निर्माण करतात. त्याचे द्रवात नायट्राइट बनते. ठराविक रसायन घातले की द्रवास गुलाबी रंग येतो, आणि रंगाच्या गडदपणावरून पेशी किती चेतली ते मोजता येते. चकाकणारे जिवाणू देऊन एका पेशीने किती गिळले तेही सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत ह्याच तत्त्वाचा उपयोग दुसऱ्या कामी झाला आहे. 1951 साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल ह्या नबाबी वाड्यात ही संस्था सुरू झाली व पुढे नव्या वास्तूत गेली. काळ्या आजाराचा परजीवी मनुष्याच्या महाभक्षी पेशींतच दडून राहतो. म्हणून तेथील संशोधकांनी उंदराच्या महाभक्षी पेशींच्या वंशात हा परजीवी वाढवून त्यावर नव्या औषधांची परीक्षा घेतली.

आता लस घेऊनही मरणाऱ्या कळपाकडे वळू. कोंबडीच्या अवस्करावर एक लहान पिशवी असते. पादुआच्या फाब्रिसिअस ह्यांनी तिचे वर्णन केले व ते त्यांच्या मृत्यूनंतर 1621 साली छापले गेले. ती वीर्य साठविण्याची जागा असावी असा त्यांचा तर्क होता. पुढे तीन शतके तिचे कार्य कोणास ठाऊक नव्हते. ओहायो येथे ब्रूस ग्लिक हे पिलांच्या ह्या पिशव्या काढून परिणाम पाहात होते. त्यांचे सहकारी टिमथी चँग ह्यांस वर्गात प्रतिपिंडांचा प्रयोग दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्यांनी त्यांतल्याच काही उसन्या घेतल्या. प्रयोग फसला. बहुतेक कोंबड्यांत प्रतिपिंडे झालीच नाहीत. दोघांनी हा फसलेला प्रयोग नीट तपासून पाहिला आणि 1956 साली कुक्कुटविषयक एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. मोठ्या नियतकालिकाने तो नाकारला होता. प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींस सर्व जगात ‘बी’ पेशी म्हणतात, त्यातील ‘बी’ ह्या पिशवीच्या लॅटिन नावाचा आहे.

1957 साली अमेरिकेतील गंबोरो गावाजवळ एक नवा रोग दिसला. त्याचा विषाणू नेमका ह्याच पिशवीतील बी पेशींचा नाश करतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांस तो विशेष बाधतो, आणि खुराड्याच्या भुशात तो महिनोन्‌महिने टिकतो. पिलू ह्या आजारातून उठले तरी त्याच्या पिशवीची राख झालेली असते. अशा पिलास राणीखेतीची लस टोचली तर लसीचा संदेश ऐकावयास पेशीच शिल्लक नसतात. येथे लसीचाही दोष नाही आणि टोचणाऱ्याचाही नाही. विषाणू पेशीत कसा शिरतो हे पाहण्यासाठी ह्या पिशवीतील ताज्या पेशी हव्यात. पण त्या बाहेर काढल्या की दिवसा-दोन दिवसांत मरतात. शरीरात शेजारच्या पेशींकडून त्यांस ‘जग’ असा जो इशारा मिळतो तो प्रथिनरूपाने पात्रात दिल्यास त्या दोन-तीन आठवडे जगतात, असे अलीकडे आढळले व ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ उद्भवली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, व कर्ज काढून शेड उभारणारे अनेक जण हवालदिल झाले. हाच विषाणू बदके पुष्कळदा आजारी न पडता अंगावर वागवितात. असे का? 2010 साली एक कारण हाती आले. विषाणूची चाहूल घेणारे रिग-आय नावाचे प्रथिन बदकाच्या पेशींत आहे, कोंबडीच्या पेशींत नाही. बदकाचा हा जनुक पात्रातील कोंबडीच्या पेशींत घातल्यावर विषाणूची वाढ घटली. ह्या पेशी रक्षक वर्गातल्या नसून साध्या संयोजी ऊतकाच्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. आणि एका जनुकाने कोंबडीचे बदक होत नाही.

वापरात नसलेल्या पेशी लहान कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली 196 अंशांवर ठेवतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात प्राणिपेशींचा असा मोठा साठा आहे, आणि लखनौस राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत माशांच्या पेशीवंशांचा. कुपी बाहेर काढली की ती 37 अंशांच्या पाण्यात झटपट वितळवावी लागते. रेंगाळल्यास बर्फाचे कण पेशी फोडतात.