मेडशीकडे मासे धरायला जाताना : आधी संस्थेची चिठ्ठी, मग गरी

वर्षभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार आणि हत्यारावर वाकलेला कारागीर यांना सुट्टीचा दिवस क्वचितच मिळतो. असा दिवस मिळाला की चार मित्र जमवून तलावाकाठी गरी टाकून बसावे, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. अकोला, बाळापूर, पातूरकडचे हौशी लोक त्यासाठी घाट चढून मेडशीच्या बाजूला येतात. अकोला-वाशिम रस्त्यावरचे हे गाव मालेगाव तालुक्यात आहे. पूर्वी हा भाग अकोला जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून येथील कामांसाठी वाशिमचे कार्यालय गाठावे लागते. बाहेरून येणाऱ्या मंडळींच्या हे पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

सहलीची तयारी म्हटली की आपण गाडी, डबा आणि गरी-दोरी यांचाच विचार करतो. आपण जो मासा काढणार तो कोणाचा, हा पहिला प्रश्न मात्र राहून जातो. धरण सरकारचे, पाणी देवाचे, मग मासा ज्याच्या गरीला लागला त्याचा, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे आणि व्यापारी माणसाला तर ती मुळीच शोभत नाही.

तलावातला मासा हा माल आहे

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारातले मुख्य मासे. ते पावसाळ्यात वाहत्या नव्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही. पूर्वी नद्यांतून त्यांचे बीज गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात (आजच्या ओडिशात) डॉ. हिरालाल चौधरी यांनी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्या साथीने या माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखविली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात बीज तयार करणे शक्य झाले. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यासाठीच.

याचा अर्थ असा की आपल्याकडच्या धरणात जो रोहू सापडतो, तो बहुधा कोणीतरी पैसे मोजून आणलेल्या बोटुकलीचा वाढलेला मासा असतो. बोटाएवढ्या पिलाला मच्छीमार बोटुकली म्हणतात. मत्स्यव्यवसाय विभाग तलावातील मासेमारीचा हक्क ठराविक मुदतीच्या ठेक्याने देतो आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आपल्या भागात या संस्थांचे सभासद मुख्यतः भोई समाजाचे गरीब लोक आहेत. बोटुकली सोडणे, राखण करणे आणि हंगामात जाळे टाकणे, हीच त्यांची रोजी.

आता दुकानदाराचा हिशोब करून पाहू. समजा, एका संस्थेने १०,००० बोटुकल्या सोडल्या. काही प्रवासात मेल्या, काही मोठ्या माशांनी खाल्ल्या, काही सांडव्यावरून वाहून गेल्या आणि शेवटी २,००० मासे जाळ्यात आले. संस्थेचे सभासद ४० धरले, तर एकेकाच्या वाट्याला वर्षाचे ५० मासे येतात. बाहेरून आलेल्या चौघांनी एका सुट्टीत प्रत्येकी पाच मासे न विचारता नेले, तर २० मासे गेले. म्हणजे एका घराच्या वर्षभराच्या वाट्यातला जवळजवळ निम्मा भाग आपल्या एका दिवसाच्या मौजेत संपला. आपल्या दुकानातून कोणी असा माल उचलून नेला, तर त्याला आपण हौशी माणूस म्हणू काय?

कोठे जावे, कोठे जाऊ नये

मेडशीहून निघणाऱ्यांना सर्वांत मोठा मोह पडतो तो काटेपूर्णा जलाशयाचा. महानचे हे धरण अकोला शहराला पाणी पुरविते. पण जलाशयाभोवतीचा परिसर १९८८ पासून काटेपूर्णा अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे आणि तेथून काही काढून नेणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे पाणी गरीच्या यादीतून सरळ वगळावे. तेथे पक्षी पाहायला रीतसर जावे, गरी घरी ठेवून.

लोणारचे विवर पाहून येताना तेथेच दोर टाकू, असे काही जण म्हणतात. लोणारचे पाणी खारे व क्षारयुक्त आहे. शिवाय तेही अभयारण्यच आहे.

राहिले ते इतर प्रकल्प. वाशिमजवळचा एकबुर्जी, तसेच सोनल, कारंजाकडचा अडाण आणि घाटाखाली पातूर तालुक्यातले मोर्णा व निर्गुणा हे मध्यम प्रकल्प. याशिवाय लहान सिंचन तलाव व गावतलाव आहेत. यांपैकी कोणत्या पाण्यावर गरीला मुभा आहे, हे त्या वर्षीच्या ठेक्यावर व संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असते. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर पाटबंधारे खात्याची वेगळी मनाई असू शकते. म्हणून ऐकीव माहितीवर निघू नये.

परवानगी कशी मिळवावी

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तलावाचे नाव सांगितले, की ठेका कोणाकडे आहे ते कळते. तलाव अकोला जिल्ह्यात असेल तर अकोल्याला विचारावे. नंतर संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव यांना भेटावे. किती माणसे, किती गऱ्या, कोणता दिवस आणि किती मासे नेणार, हे स्पष्ट बोलून घ्यावे. संस्था जी रक्कम सांगेल ती द्यावी आणि तारखेसह सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी. राखणदाराच्या हातात परस्पर पैसे देऊ नयेत. त्याने संस्थेचे नुकसान होते आणि त्या गरिबाची नोकरीही धोक्यात येते.

ही काही नवी रीत नव्हे. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या हौशी लोकांच्या संस्थेने अनेक दशके तलावात मासे सोडले आणि परवान्यावर गरी टाकू दिली. हौस करणाऱ्याने माशांच्या जोपासनेचा खर्च सोसावा, हे तत्त्व तेथे रुजले. आपल्याकडेही ते चालायला हरकत नाही.

हंगाम, गरी आणि आमिष

जून ते ऑगस्ट हा अंडी घालण्याचा काळ. ओढ्यातून चढणीचा मासा मारणे म्हणजे पुढच्या हजारो माशांना मारणे होय, तो मोह टाळावा. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च हा काळ चांगला. कडक थंडीत रोहू-कटला फारसे खात नाहीत. भर उन्हाळ्यात पाणी आटते व संस्थेची जाळी चालू असतात. तेव्हा आपण मध्ये पडू नये. दिवसातली उत्तम वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचे दोन तास व सूर्यास्तापूर्वीचे दोन तास.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्याप्रमाणे आमिषाची खोली ठेवावी. रोहूसाठी भिजविलेली कणीक व शेंगदाण्याची ढेप यांचा घट्ट गोळा पुरतो. कटल्यासाठी त्यात कोंडा मिसळून गोळा पाण्यात अधांतरी राहील असा बांधावा. मृगळ व शिंगाड्यासाठी तळाशी गांडूळ लावावे. मरळ गवताच्या कडेला दबा धरून असतो आणि छोट्या माशावर झडप घालतो. मात्र दुसऱ्या गावचे जिवंत मासे आमिष म्हणून आणू नयेत. थाई मांगुरासारखी बंदी असलेली जात चुकून तलावात सुटली, तर ती इतर मासे फस्त करते.

सोबत हातजाळी, चिमटा आणि पाण्याचे पिंप असावे. पिल्लू लागले तर हात ओले करून गरी सोडवावी व ते लगेच पाण्यात सोडावे. तुटलेली नायलॉन दोरी काठावर टाकू नये, तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

जिवाची काळजी त्याहून महत्त्वाची. पाणी उतरलेल्या काठावर वरून सुकलेली दिसणारी काळी माती आत गाळ असते आणि माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. सांडवा व दरवाजे यांच्या जवळ बसू नये. कार्बनची काठी विजेच्या तारेखाली उभी धरू नये आणि ढग गडगडताच ती खाली ठेवून काठ सोडावा. मुलांना घेऊन गेल्यास एका मोठ्या माणसाने गरी न धरता फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

परतताना माशाचे पोट साफ करून तो बर्फात ठेवावा. एक किलो माशाला एक किलो बर्फ, हा धंद्यातला साधा नियम आहे. नुसत्या ओल्या पोत्यात गुंडाळलेला मासा अकोल्यापर्यंत चांगला राहील, या भरवशावर राहू नये.

रस्त्यावरच्या दुकानदारांसाठी

मेडशी, मालेगाव, पातूर येथील व्यापारी बंधूंनी या पाहुण्यांकडे थोडे लक्ष द्यावे. त्यासाठी वेगळे दुकान थाटू नये, तेवढे गिऱ्हाईक नाही. पण किराणा दुकानात ढेप, कोंडा व कणकेची पुडी, जनरल स्टोअर्समध्ये गऱ्या, शिसे व दोरीचा एक खण, आणि सकाळी लवकर उघडणाऱ्या चहाच्या हॉटेलात बर्फाची सोय, एवढे भांडवल अडकवून ठेवणारे नाही. हातजाळी विणणारे व बांबूची काठी तासणारे कारागीर अजून गावोगाव आहेत. त्यांचा माल ठेवला तर दोघांचे भले होईल.

गिऱ्हाईक गरी मागायला आले, की 'संस्थेची चिठ्ठी घेतली का?' एवढे त्याला विचारावे. एखादी विक्री कदाचित जाईल. पण तलावात मासा टिकला, तरच पुढच्या वर्षी गरी विकत घ्यायला कोणी येईल. संस्थेचा हक्क राखला, तर आपलाही धंदा राहील. दुसऱ्याचा माल विचारून घ्यावा आणि त्याचे मोल द्यावे, ही बाजारातली रीत तलावाच्या काठावरही तितकीच लागू आहे.