प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये घटत्या स्त्रीबीजसाठ्याचे प्रमाण : अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना

विवाहाचे व प्रथम अपत्याचे वय शिक्षण आणि नोकरीमुळे पुढे गेल्यापासून ‘स्त्रीबीजसाठा’ ही संज्ञा वैद्यकाच्या कक्षेबाहेर आली आहे. एका रक्तचाचणीच्या आकड्यावरून अनेक स्त्रिया आपल्या मातृत्वाविषयी निष्कर्ष काढतात. म्हणूनच बीजसाठा घटण्याचे प्रमाण किती आणि ते कोणत्या गटात मोजले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

स्त्रीबीजसाठा म्हणजे अंडाशयात शिल्लक असलेल्या बीजांची संख्या. गर्भावस्थेच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ही संख्या ६० ते ७० लाख असते. जन्माच्या वेळी ती १० ते २० लाखांवर, तर वयात येताना सुमारे ३ ते ४ लाखांवर येते. रजोनिवृत्तीच्या वेळी जेमतेम हजारभर बीजे उरतात. संपूर्ण आयुष्यात सुमारे ४०० ते ५०० बीजेच परिपक्व होऊन बाहेर पडतात. उर्वरित आपोआप नष्ट होतात. म्हणजेच साठा घटणे हा आजार नसून निसर्गक्रम आहे. वयाच्या मानाने तो लवकर घटल्यासच वैद्यकीय प्रश्न निर्माण होतो.

मोजमाप

यासाठी प्रामुख्याने दोन मापे वापरली जातात. पहिले, लहान बीजपुटिकांतील पेशींनी स्रवलेल्या अँटी-म्युलेरियन हार्मोनचे म्हणजेच एएमएचचे रक्तातील प्रमाण. दुसरे, सोनोग्राफीत दिसणाऱ्या २ ते १० मिलिमीटर आकाराच्या पुटिकांची संख्या. मात्र ‘कमी’ कशास म्हणावे याबाबत एकवाक्यता नाही. २०११ च्या बोलोन्या निकषांत एएमएचची मर्यादा ०.५ ते १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होती. २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणात ती १.२ धरली गेली. मर्यादा बदलली की त्याच स्त्रियांमधील ‘घटलेल्या साठ्या’चे प्रमाणही बदलते. शिवाय हे दोन्ही निकष मुळात उपचारास अंडाशय किती प्रतिसाद देईल हे ठरविण्यासाठी तयार झाले, समाजातील सर्वेक्षणासाठी नव्हे.

प्रमाणाचा प्रश्न

अमेरिकेतील कृत्रिम गर्भधारणेच्या १,८१,५३६ उपचारचक्रांच्या नोंदींत घटलेल्या साठ्याचे निदान २००४ मध्ये १९ टक्के होते. २०११ मध्ये ते २६ टक्क्यांवर गेले. परंतु या नोंदी उपचारासाठी आलेल्या स्त्रियांच्या आहेत. त्यांवरून सर्वसाधारण स्त्रियांमधील प्रमाण काढणे म्हणजे नेत्ररुग्णालयातील गर्दीवरून गावातील अंधत्व मोजण्यासारखे आहे. तसेच निदान वाढले म्हणजे विकार वाढलाच, असेही म्हणता येत नाही.

चाळिशीपूर्वी अंडाशयाचे कार्य क्षीण होण्याची स्थिती मात्र स्वतंत्र आहे. तिचे प्रमाण पूर्वी सुमारे १ टक्का मानले जात असे; अलीकडील संकलित अभ्यासांत ते ३.५ टक्क्यांच्या आसपास आढळते.

भारतीय संदर्भ

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात उपचार घेणाऱ्या भारतीय स्त्रियांचा बीजसाठा स्पॅनिश स्त्रियांच्या मानाने सुमारे सहा वर्षे आधी घटल्याचे दिसले. हाही उपचारार्थींचाच अभ्यास असल्याने तो सावधपणे वाचला पाहिजे. महाराष्ट्रात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील शासकीय पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. अशा स्त्रियांची मासिक पाळी शस्त्रक्रियेमुळे थांबते. अंडाशये राखली तरी त्यांचे कार्य लवकर मंदावण्याचा संभव वाढतो. त्यामुळे केवळ पाळी थांबण्याच्या वयावरून नैसर्गिक ऱ्हासाचा अंदाज बांधल्यास निष्कर्ष चुकतो.

आकड्याचा अर्थ

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयोगटातील ७५० स्त्रियांची पाहणी झाली. एएमएच कमी असणाऱ्यांची नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. याचे कारण उघड आहे. चाचणी संख्येचा अंदाज देते, बीजाची गुणवत्ता सांगत नाही. गुणवत्ता मुख्यतः वयाशी निगडित असते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये, वंध्यत्व नसलेल्या स्त्रीला केवळ या चाचणीच्या आधारे भावी प्रजननक्षमतेविषयी सल्ला देऊ नये, असे नमूद केले. याउलट कर्करोगावरील उपचार, अंडाशयावरील शस्त्रक्रिया किंवा कुटुंबात लवकर रजोनिवृत्ती असा इतिहास असलेल्या स्त्रीने तज्ज्ञांचा सल्ला वेळीच घेणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

घटत्या बीजसाठ्याचे सर्व स्त्रियांना लागू पडेल असे एकच प्रमाण सांगता येत नाही. निकष, वयोगट आणि पाहणीचा समूह सांगितल्याविना दिलेली टक्केवारी अपुरी असते. अशा टक्केवारीमुळे निरोगी तरुणीच्या मनात अकारण भीती निर्माण होते आणि विवाह वा खर्चिक उपचारांचे निर्णय घाईने घेतले जातात. ज्यांना खरा धोका आहे, त्यांच्याकडे मात्र दुर्लक्ष होते. महाविद्यालयीन आरोग्यशिक्षणात वयाबरोबर होणारा नैसर्गिक ऱ्हास आणि अकाली ऱ्हास यांतील भेद स्पष्ट केल्यास विद्यार्थिनींना आपले निर्णय माहितीच्या आधारे घेता येतील.