आठवड्याला दहा डॉलर

होरेशियो ॲल्जर हे नाव अमेरिकेत आज लेखकापेक्षा विशेषण म्हणूनच जास्त चालतं. शून्यातून वर आलेल्या कुठल्याही उद्योगपतीच्या चरित्राला ते चिकटवून देतात. त्याचं १८६८ साली पुस्तकरूपात आलेलं ‘रॅग्ड डिक’ मात्र फारसं कोणी वाचलेलं नसतं. डिक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणारा पोरगा. तो बँकेत खातं उघडतो, लिहायला-वाचायला शिकतो. एकदा फेरीबोटीवरून पाण्यात पडलेल्या एका लहान मुलाला वाचवतो आणि त्या मुलाचा बाप खूश होऊन त्याला पेढीवर कारकून म्हणून ठेवतो. पगार आठवड्याला दहा डॉलर. बस, गोष्ट संपली. ज्या कथेच्या नावानं लक्षाधीशांचे गोडवे गातात, ती कारकुनीपाशी थांबते. आणि ती कारकुनीही निव्वळ घाम गाळून नव्हे, नशिबानं हाती लागलेली असते.

अमेरिकन स्वप्नाबद्दल बोलणं नेहमीच मोघम असतं. तिथल्या चांगल्या कादंबऱ्या मात्र आकडा लिहितात. सुखाच्या मागे लागण्याचा हक्क १७७६च्या जाहीरनाम्यानं देऊन टाकला. त्याला खर्च किती येतो हे त्यात नव्हतं. गेली दीडशे वर्षं हा हिशेब कादंबरीकार मांडत आले आहेत.

यादवी युद्धानंतरच्या झटपट श्रीमंतीच्या काळाला नाव मिळालं तेच मुळी एका कादंबरीवरून. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांची ‘द गिल्डेड एज’ आली १८७३ मध्ये. सोन्याचा नुसता मुलामा दिलेलं युग. रातोरात श्रीमंत व्हायला निघालेल्यांची टर उडवणारा ट्वेन पुढे स्वतःच खिळे जुळवणाऱ्या एका यंत्राच्या नादी लागला, त्यात पैसा ओतत राहिला आणि १८९४ मध्ये दिवाळखोर झाला. त्याचे व्यवहार निस्तरले ते स्टँडर्ड ऑइलच्या हेन्री रॉजर्सनं, म्हणजे त्याच मुलाम्याच्या युगातल्या एका बड्या धेंडानं. कर्ज फेडण्यासाठी ट्वेन व्याख्यानं देत जगभर हिंडला. १८९६च्या जानेवारीत तो मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरला होता, तोही याच दौऱ्यात. दोन वर्षांत त्यानं पैन्‌पै फेडली.

हॉवेल्सच्या ‘द राइज ऑफ सायलस लॅपम’मधला (१८८५) रंगाचा कारखानदार खेड्यातून बॉस्टनला येऊन गब्बर होतो. खानदानी घराण्याकडून जेवणाचं बोलावणं येतं, तेव्हा हातमोजे घालायचे की नाही यावर घरात खल होतो. तो घालून जातो. यजमानाचे हात उघडे दिसतात तेव्हा बिचारा ते हळूच काढून ठेवतो. पैशात न मोजता येणारी ही अडचण हॉवेल्सनं अचूक टिपली आहे. पुढे लॅपमचं नवं घर विम्याची मुदत संपल्यावर आठवड्याभरात जळतं. हाती आलेल्या गिरण्या फसवून विकायची संधी तो सोडतो आणि गावी परततो. कादंबरीच्या नावातला ‘उदय’ तो हाच. हॉवेल्स भला माणूस होता. मला हा शेवट जरा जास्तच भला वाटतो.

थिओडोर ड्रायझर तसा नव्हता. १९००च्या ‘सिस्टर कॅरी’त अठरा वर्षांची कॅरी चार डॉलर घेऊन शिकागोला येते. बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर मिळतात, त्यातले चार बहिणीकडे राहण्या-जेवण्याचे जातात. उरलेल्या अर्ध्या डॉलरमध्ये थंडीचं जाकीट कुठून येणार? मग एक फिरता विक्रेता तिच्या हातात दहाच्या दोन नोटा कोंबतो. या दोन नोटांपाशी नीतिमत्तेचं सगळं प्रवचन गप्प होतं. पुढे हर्स्टवुड येतो. बड्या गुत्त्याचा हा मॅनेजर एका रात्री तिजोरी उघडी पाहतो, दहा हजारांवर रक्कम बाहेर काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. रक्कम हातात असतानाच तिजोरीचं कुलूप आपोआप लागतं. त्यानं चोरी केली की ती त्याच्याकडून घडली? वाचक अजून वाद घालतात. कॅरीला घेऊन तो न्यूयॉर्कला पळतो, तिथे घसरत घसरत पंधरा सेंटच्या भाड्याच्या खोलीत जातो आणि गॅसची तोटी उघडून मरतो. कॅरी नटी होते, आठवड्याला दीडशे डॉलर कमावू लागते आणि त्यांचं करायचं काय हेच तिला कळत नाही. प्रकाशकाला हे पचलं नाही. करार झाला होता म्हणून नाइलाजानं छापलेल्या या पुस्तकाच्या पहिल्या खेपेत ४५६ प्रती खपल्या. माझ्या मते अमेरिकेतली पैशाविषयीची सर्वांत धीट कादंबरी अजूनही हीच.

पाच वर्षांनी इडिथ व्हॉर्टननं ‘द हाऊस ऑफ मर्थ’मध्ये वरच्या मजल्यावरून हाच खेळ दाखवला. लिली बार्टला आत्याचे दहा हजार मिळतात, त्यातले जवळजवळ सगळे एका पुरुषाचं देणं चुकवण्यात जातात. इभ्रत वाचते, जगायला काही उरत नाही.

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’बद्दल (१९२५) इतकं लिहिलं गेलंय की हिरवा दिवा आणि मेजवान्या आता विसरलेल्याच बऱ्या. शेवटी बाप एक जुनं पुस्तक दाखवतो, त्यात लहानग्या गॅट्सबीनं लिहिलेली दिनचर्या असते. त्यात आठवड्याला वाचवायची रक्कम आहे: आधी पाच डॉलर, ते खोडून तीन. हे खोडलेले पाच मला त्या पुस्तकातल्या सगळ्या रेशमी सदऱ्यांहून मोलाचे वाटतात. पुस्तक फारसं चाललं नाही. १९४० मध्ये लेखक गेला तो आपण अपयशी ठरलो असं समजून. मग महायुद्धात सैनिकांसाठी दीड लाखांवर प्रती छापल्या गेल्या आणि नशीब पालटलं.

मंदीच्या काळात स्टाइनबेक आणि डॉस पॅसॉसनी एका माणसाऐवजी सबंध देशाचा हिशेब मांडला. कथा मोठी झाली, पण खिशातला आकडा मला अंधूक वाटू लागला. तो परत आणला सॉल बेलोनं. ‘सीझ द डे’ (१९५६) एका दिवसाची गोष्ट. नोकरी सुटलेल्या टॉमी विल्हेमचे शेवटचे सातशे डॉलर टॅमकिन नावाचा बडबड्या डॉक्टर डुकराच्या चरबीच्या वायद्यात लावतो. त्याच हॉटेलात राहणारा पैसेवाला बाप एक छदाम द्यायला तयार नाही. विल्हेम भाव दाखवणाऱ्या फलकाकडे बघत बसतो, भाव पडतात, टॅमकिन गायब होतो.

कृष्णवर्णीयांचा हिशेब वेगळ्याच वहीत होता. टोनी मॉरिसनच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’मध्ये (१९७७) निरक्षर बापानं फुलवलेली शेती गोरे कागदावर सही घेऊन बळकावतात आणि त्याला मारतात. मुलगा भाडेवसुली करणारा घरमालक होतो, खिशातल्या किल्ल्या चाचपत राहतो. त्याला हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

टॉम वुल्फच्या ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’पर्यंत (१९८७) आकडा वर्षाला दहा लाखांच्या घरात गेलेला असतो आणि रोखे विकणाऱ्या शर्मन मॅकॉयला तोही पुरत नाही. आपण नेमकं काय काम करतो, हे त्याला आपल्या लहान मुलीला धड सांगताही येत नाही. डिक निदान बूट तरी चकचकीत करत होता. अर्नान दिआसच्या ‘ट्रस्ट’मध्ये (२०२२) तर एकाच संपत्तीच्या चार कहाण्या आहेत आणि ती खरी कोणी कमावली हेच वादात आहे.

२०१६च्या ‘बिहोल्ड द ड्रीमर्स’मध्ये इंबोलो एम्बूएचा कॅमेरूनी जेंडे लेहमन ब्रदर्समधल्या साहेबाचा ड्रायव्हर होतो, पगार वर्षाला ३५ हजार. २००८ मध्ये बँक बुडते, नोकरी जाते, राहण्याचा परवानाही मिळत नाही. शेवटी साठवलेले डॉलर घेऊन कुटुंब गावी, लिंबेला परततं. तिथल्या चलनात तो लक्षाधीश. त्याची बायको मात्र शेवटच्या पानापर्यंत या हिशेबाला राजी नसते.