डेअरीला नको ते दूध वासराला का?

सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंत, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोठ्यात गाईला दगडी झाली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कास सुजून घट्ट होते, गाय हात लावू देत नाही, एखाद्या सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गाठी येतात. डॉक्टर येतात, तो सड पिळून रिकामा करतात, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात, ट्यूबचं बारीक तोंड सडाच्या छिद्रात घालून औषध आत सोडतात आणि खालून वर चोळून ते कासेत चढवतात. सोबत एखादं इंजेक्शनही होतं. निघताना बजावतात, “पाच दिवस हिचं दूध डेअरीला घालू नका.” मालक ते पाळतो. पाच दिवस ते दूध डेअरीला जात नाही, वासराला जातं.

यात शेतकऱ्याची लबाडी नाही. दिवसाला १५ लिटर दूध देणारी संकरित गाय आणि लिटरला ३० रुपये भाव धरला, तर पाच दिवसांत सव्वादोन हजार रुपयांचं दूध ओतून द्यावं लागतं. डॉक्टरांची फी आणि औषधं वेगळी. पाऊस दगा देतो त्या वर्षी दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावरच इथली कितीतरी घरं चालतात. अशा घरात भरलेली बादली गटारात ओतायला हात धजावत नाही. वासराला पाजलं तर निदान वाया तरी जात नाही, असंच कुणालाही वाटेल. शिवाय वासराला पाजू नका, असं त्याला सहसा कुणी सांगितलेलंही नसतं.

आपले नियमही इथेच थांबतात. जनावरांच्या औषधांवर किती दिवस दूध वापरू नये हे छापलं पाहिजे, आणि तसा काळ ठरलेला नसेल तर दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरावा, अशी तरतूद केंद्र सरकारने २०१२ मध्ये केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधातल्या औषधांच्या अंशांना मर्यादा घालून दिल्या आहेत. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ही सगळी काळजी माणसाच्या ग्लासातल्या दुधाची आहे, आणि ती रास्तच आहे. वासराच्या बादलीत काय पडतं, याची चौकशी मात्र कुठेच होत नाही.

डेअरीला हे दूध का नको असतं, ते दही लावणाऱ्या प्रत्येकीला कळेल. विरजणातले जीवाणू पेनिसिलिनसारख्या औषधांपुढे टिकत नाहीत, त्यामुळे दही लागत नाही. प्रयोगशाळेतली एक जुनी चाचणीही याच तत्त्वावर चालते. छोट्या नळीत जांभळ्या रंगाची जेली असते आणि तिच्यात उष्णता सोसणाऱ्या एका जीवाणूचे बीजाणू. वर दुधाचे थेंब टाकून नळी ६४ अंश सेल्सिअसला सुमारे तीन तास ठेवतात. दूध स्वच्छ असेल तर जीवाणू वाढतात, आम्ल तयार होतं आणि जेली पिवळी पडते. ती जांभळीच राहिली, तर जीवाणूंना रोखणारं काहीतरी त्या दुधात आहे. जे दूध नळीतल्या जीवाणूंना वाढू देत नाही, ते वासराच्या आतड्यातल्या जीवाणूंनाही तसंच सोडणार नाही.

वासराच्या पोटाची रचना इथे लक्षात घ्यावी लागते. मोठ्या गाईचा चारा आधी रवंथाच्या मोठ्या पोटात जातो. वासराचं ते पोट अजून कामाला लागलेलं नसतं. वासरू दूध ओढू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळीसारखी होते आणि दूध थेट चौथ्या पोटात, तिथून आतड्यात उतरतं. जन्मानंतर काही तासांतच त्या आतड्यात जीवाणूंची वस्ती सुरू झालेली असते. कोण टिकणार आणि कोण हटणार, हे पहिल्या काही आठवड्यांत ठरत असतं. नेमक्या त्याच काळात रोज दोन वेळा दुधातून औषध आलं, तर त्या औषधाला बळी पडणारे जीवाणू मरतात आणि त्याला न जुमानणाऱ्या मोजक्या जीवाणूंना सगळं रान मोकळं मिळतं.

औषध थोडं असलं म्हणून हा धोका टळत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या डॅन अँडरसन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवून दिलं की जीवाणू मारायला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट कमी औषधातही चिवट जीवाणू इतरांवर कुरघोडी करतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेबद्दलच सावध केलं होतं. वासराच्या बादलीत नेमकी अशी अपुरी मात्रा असते. पहिल्या एक-दोन धारांच्या वेळच्या दुधात औषध भरपूर असतं, मग ते दर धारेला उतरत जातं. कोणता रोग, किती वजन, किती दिवस, यातलं काहीच पाहिलेलं नसतं आणि उपचार चालू राहतो.

पुढे गोष्ट एका वासरापुरती राहत नाही. औषधाला दाद न देण्याचा गुण बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावं तसं एक जीवाणू हे कडं दुसऱ्याला देतो, आणि ते घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. वासराच्या शेणातून हे जीवाणू गोठ्याच्या जमिनीवर, पाण्याच्या टाकीत, धार काढणाऱ्याच्या हातावर येतात. वासरांना कुरवाळणारी घरातली पोरं तर सतत तिथेच असतात. शेणखत शेतात जातं. सेफ्ट्रिअॅक्झोनसारखं इंजेक्शन आज गोठ्यातही दिलं जातं आणि माणसांच्या दवाखान्यातही, हे ध्यानात घेतलं की या प्रवासाचं गांभीर्य कळतं. पहिला फटका मात्र शेतकऱ्यालाच बसतो. त्याच वासराला हगवण लागून जंतुसंसर्ग अंगात भिनला, की हाताशी असलेलं औषध लागू पडेनासं होतं.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये या एकाच प्रश्नावर तज्ज्ञांचा अहवाल काढला. उपचार चाललेल्या गाईचं, औषधाचे अंश असलेलं दूध पाजलं तर वासरांच्या शेणातून औषधांना न जुमानणारे जीवाणू जास्त प्रमाणात बाहेर पडतात, हा त्याचा निष्कर्ष. त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे गावोगाव सांगायला हवी. गाय आटवताना सडात सोडलेल्या लांब मुदतीच्या ट्यूबमुळे काही जण व्यायल्यावरचा चीक पाजायला घाबरतात. पण ठरलेला भाकड काळ पूर्ण झाला असेल तर त्या चिकामुळे असे जीवाणू वाढल्याचं दिसत नाही. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक घटक वासरापर्यंत पोचतच नाहीत, ते सगळे चिकातून येतात आणि पहिल्या चोवीस तासांनंतर आतडं ते शोषणं जवळपास थांबवतं. त्यामुळे चीक भरपूर आणि लवकर पाजायचा, त्यात शंकाच नको. प्रश्न आहे तो उपचारातल्या दुधाचा.

उकळलं तर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. उकळल्याने दगडीचे जंतू मरतात, तेवढा फायदा आहे. पण बहुतेक प्रतिजैविकं त्या उष्णतेला पुरून उरतात, त्यामुळे औषध दुधात राहतंच. हे दूध विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खताच्या खड्ड्यात ओतावं. तिथेही सगळं औषध लगेच मोडत नाही, पण जिवंत आतड्यात जाण्यापेक्षा ते बरं.

खरी बचत दगडी होऊच न देण्यात आहे. धार काढल्यावर सडाचं तोंड सुमारे अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्या वेळात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात. म्हणून धार झाली की पुढ्यात वैरण टाकून तिला उभं ठेवायचं आणि सड जंतुनाशकात बुडवायचे. दगडी झालेली गाय सगळ्यात शेवटी पिळायची. सुरुवातीच्या सुजेवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून दिवसातून अनेकदा कासेला लावायला सांगतं. माझ्या मते हे घरोघरी माहीत असायला हवं, मात्र गाईला ताप असेल किंवा तिने चारा सोडला असेल तर त्यावर वेळ काढू नये.

वासराची सोय त्या पाच दिवसांत दुसऱ्या निरोगी गाईच्या दुधावर होते. वासरू दुसऱ्या आठवड्यापुढचं असेल तर जोडीला काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचा खुराक, देता येतो. जिथे वासरू वेगळं ठेवून बादलीने पाजतात, तिथे यापलीकडे अडचण नाही. पंढरपुरी म्हशीचं तसं नाही. रेडकू सडाला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, अशी अनेक गोठ्यांतली सवय आहे. म्हणजे औषध सोडलेल्या कासेला सगळ्यात आधी तोंड लागतं ते रेडकाचंच, आणि ते तोडलं तर म्हैस दूध चोरते. मग कुणीतरी ऑक्सिटोसिनच्या सुईचा सल्ला देतं, तो ऐकू नये. रेडकू म्हशीच्या तोंडासमोर बांधून तिला चाटू द्यावं, पुढ्यात आंबोण ठेवावं आणि कोमट पाण्याने कास धुऊन हाताने चोळावी. पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो, दूधही थोडं कमी येतं. ट्यूब सोडतानाच डॉक्टरांनी हे सगळं मालकाला दाखवलं, आणि चिठ्ठीवर ‘डेअरीला घालू नये’च्या खाली ‘वासराला पाजू नये, सडाला लावू नये’ एवढी एक ओळ लिहिली, तर ते आजपासून सुरू होऊ शकतं.