तारकांची चर्चा आणि विषाचा व्यापार

सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरू पोलिसांनी अमली पदार्थांच्या प्रकरणात कन्नड चित्रसृष्टीतील दोन अभिनेत्रींना अटक केली. काही महिन्यांनी दोघींना जामीन मिळाला. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कार्यवाही रद्द केली. अटकेची बातमी घरोघरी चघळली गेली, निकालाची क्वचितच. अठरा पापस्थानांत परपरिवादाचीही गणना आहे, हे येथे स्मरावे.

चर्चा तारकांची झाली. मुळात हा व्यापार आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदाही या धंद्याला जाणूनबुजून जागा वा भांडवल पुरवणाऱ्यास शिक्षा सांगतो. म्हणून गोदाम किंवा सदनिका भाड्याने देताना नीट चौकशी करणे हा व्यवहारही आहे आणि धर्मही.

घरातीलच मूल व्यसनात सापडले, तर लोकलज्जेपोटी ते लपवू नये. केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर याच कायद्याचे कलम ६४ अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही उपलब्ध आहे. ढळलेल्याला पुन्हा सन्मार्गावर स्थिर करणे, म्हणजेच स्थितिकरण, हे सम्यग्दर्शनाचे एक अंग आहे. त्याचा आरंभ घरातूनच व्हावा.