पिल्लं कोण वाढवतं?

ये, बस इथे. पायाशी बादली आहे, सांभाळून. काल दुकानातून आल्यापासून तुझ्या तोंडी त्या निळ्या फायटर माशाचंच नाव आहे. आजोबांच्या जुन्या टाकीत मासे वाढवायचे, पिल्लं विकायची आणि त्या पैशांतून दुसरी टाकी घ्यायची, असं बाबांना सांगितलंस म्हणे. बेत छान आहे, मी तुझ्या बरोबर आहे. पण मासा निवडताना मी एक चूक केली होती, ती तू करू नकोस. काचेपाशी उभा राहून मी सगळ्यात देखणा कोण तेवढंच बघितलं. पिल्लं वाढवायची असतील तर आधी दुसरंच विचारावं लागतं: या माशाच्या घरी पिल्लं कोण वाढवतं?

तुझ्या फायटरपासूनच सुरू करू. हा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरं, दलदली, संथ ओहोळ ही त्याची घरं. उन्हानं तापलेल्या अशा उथळ पाण्यात प्राणवायू थोडाच असतो. दुसरा मासा तिथे गुदमरला असता. याच्या कल्ल्यांच्या वर मात्र वळणावळणांचा एक छोटा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्या अवयवातून थेट हवेतला प्राणवायू रक्तात ओढतो. त्याच्या देशाला त्याचा इतका अभिमान, की थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

आता त्याच्या घरातली गंमत ऐक. इथे पिल्लं बाप वाढवतो. नर वर येऊन हवा तोंडात घेतो, तिला आपल्या लाळेचं अस्तर लावतो आणि एकेक बुडबुडा पाण्यावर सोडतो. असे शेकडो बुडबुडे जमले की साबणाच्या फेसासारखं घरटं तयार होतं. त्याच्याखाली तो मादीला आपल्या अंगाचा वेढा घालतो. अंडी पांढरी, खसखशीएवढी. ती खाली पडू लागतात. हा खाली झेपावतो, एकेक अंडं तोंडात झेलतो आणि वर नेऊन बुडबुड्यात ठेवतो. पुन्हा वेढा, पुन्हा अंडी, पुन्हा धावपळ. तासन्‌तास हे चालतं. सगळं संपलं की तो मादीला घरट्याजवळ फिरकू देत नाही. आपण तिला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर तिच्या परांच्या चिंध्या होतात.

मग पहारा. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं घरट्यातून शेपटी खाली लोंबकळत राहतात. एखादं निसटून तळाला गेलं की बाप त्याला तोंडात धरून वर आणतो. मी एकदा रात्री टॉर्च घेऊन बसलो होतो. एका चिमुकल्याला त्यानं सात वेळा वर आणून ठेवलं. सातही वेळा ते पडलं आणि आठव्यांदा टिकलं. म्हणून त्या टाकीत पाणी वीतभरच ठेवायचं, बापाची दमछाक कमी होते. आणि आपल्या रस्त्यावरच्या बदामाच्या झाडाची लाल होऊन गळलेली पानं आहेत ना, त्यातलं एक वाळकं पान पाण्यात टाकायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं आणि या माशांना ते मानवतं.

पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाचं काम संपलं. त्याला काढून घ्यायचं. इथून पुढे आई-बाप तूच.

ऐकायला हे इतकं गोड आहे, की आत्ताच फायटरची जोडी आणावीशी वाटेल. पण पुढचा हिशेब कर. एका वेळेला दोनशे पिल्लं जगली, त्यांतले शंभर नर निघाले असं धर. दोन-अडीच महिन्यांत ते एकमेकांवर तुटून पडायला लागतात. म्हणजे शंभर नरांना शंभर बरण्या, आणि प्रत्येक बरणीचं पाणी वेगळं बदलायचं. फाटक्या परांचा फायटर कोणी विकत घेत नाही. शाळा सांभाळून तुला हे जमेल का? मला नाही वाटत. पुढे कधीतरी दहा-वीसच पिल्लं मोठी करून बघू.

दुकानातले आणखी दोन मासे झटकन सांगतो. डिस्कस हा अमेझॉनच्या खोऱ्यातला, थाळीसारखा गोल मासा. त्याची पिल्लं आई-बाप दोघांच्याही अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खातात. शास्त्रज्ञांनी तो स्राव तपासला तेव्हा पिल्लं असताना त्यात प्रथिनं वाढलेली दिसली, आपल्या दुधासारखीच. दोन-तीन आठवड्यांनी आई-बाप पिल्लांना चुकवून पळायला लागतात. अंगावरचं दूध तोडायची वेळ माशांच्या घरातही येते! फार देखणा मासा, पण गरम, मऊ आणि अतिशय स्वच्छ पाणी मागतो. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरे, आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड. यांची आई अंडी घातल्याघातल्या तोंडात उचलते. नराच्या पोटाखालच्या परावर अंड्यांसारखेच पिवळे ठिपके असतात. ती ठिपक्यांनाही अंडी समजून टिपायला जाते, तेवढ्यात नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं आणि अंडी तिथेच फळतात. मग जवळजवळ तीन आठवडे ती तोंड मिटून असते. तिचं खाणंपिणं बंद, गाल फुगलेले. तोंड उघडतं तेव्हा पोहणारी, स्वतः खाणारी पिल्लं बाहेर पडतात. हे तुला नक्की जमेल, फक्त त्यांना मोठी टाकी लागते. ती तुझ्या पैशांतून येईल तेव्हा बघू.

राहिला तो, जो मला तुझ्यासाठी योग्य वाटतो: गप्पी. तू नाक मुरडणार हे मला माहीत होतं! महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदांत, विहिरींत सोडतात तोच, हो. ते मळकट करडे मासे आणि दुकानातले पंख्यासारख्या शेपटीचे मोरपंखी मासे, जात एकच. मूळ घर त्रिनिदाद बेट आणि समोरचा दक्षिण अमेरिकेचा किनारा. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थानं हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथे १८६६ मध्ये माशाला त्याचं नाव दिलं गेलं. त्याआधी सात वर्षं जर्मनीत त्याचं बारसं झालेलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव टिकलं ते जर्मनीतलं, पण लोकांच्या तोंडी बसलं गप्पीच.

याच्या घरी पिल्लं कोण वाढवतं? पोटात असेपर्यंत आई. गप्पी अंडी बाहेर टाकत नाही, ती तिच्या पोटातच वाढतात. साधारण चार आठवड्यांनी शेपटीजवळचा काळसर डाग गडद होतो, पोट चौकोनी दिसायला लागतं आणि मग एकामागून एक पिल्लं बाहेर येतात. पहिल्या खेपेला दहा-पंधरा, पुढे पन्नास-साठसुद्धा. जन्मल्या क्षणी ती पोहतात, बारीक कुटलेलं खाणं खातात. पण बाहेर आल्यावर आईची माया संपते. समोर हललं ते खाणं, एवढंच तिला कळतं. म्हणून टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट पुंजका ठेवायचा. पिल्लं त्यात दडतात.

अजून एक नवल. मादी नराचं वीर्य काही महिने पोटात साठवून ठेवते. एकदा नर भेटला की पुढच्या कितीतरी खेपा नर नसतानाही होतात. म्हणजे दुकानातून आणलेल्या मादीची पिल्लं तू निवडलेल्या नराची असतीलच असं नाही. तिथे कोणाकोणाबरोबर ती राहिली, कोण सांगणार? म्हणून तिची पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की नर आणि मादी वेगळ्या टाक्यांत करायचे. नराचा पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा होतो. मादीचा पंख्यासारखाच राहतो. भिंगातून बघ, दिसेल.

आता रंग पुढे कसे जातात ते ऐक. योहानेस श्मिट नावाचा एक डॅनिश शास्त्रज्ञ होता. ईल मासा कुठे जन्मतो हे शोधायला त्यानं अटलांटिक महासागर पालथा घातला. त्याच माणसानं कोपनहेगनला गप्पी पाळले आणि १९२० मध्ये दाखवलं, की नराच्या पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जातो, मुलींत तो दिसतच नाही. ज्या गुणसूत्रामुळे नर नर होतो, त्याच्याच पाठीवर बसून हा ठिपका पुढे जातो. सगळेच रंग असे नाहीत, काही आईकडूनही येतात. तरी नर निवडताना तू त्याच्या मुलांचे आणि त्या मुलांच्या मुलांचे बरेचसे रंग निवडत असतेस.

रानात ही निवड कोण करतं? त्रिनिदादच्या ओढ्यांत धबधब्यांच्या खाली गप्पींना खाणारे मोठे मासे राहतात. तिथले नर फिके, कारण भडक दिसला तो गिळला गेला. धबधब्याच्या वर मोठे शिकारी चढूच शकत नाहीत, तिथले नर रंगीबेरंगी, कारण माद्यांना झगमगीत नर आवडतात. जॉन एंडलर या संशोधकानं १९७६ मध्ये खालचे फिके गप्पी वरच्या एका निर्धोक ओढ्यात सोडले. दोनेक वर्षांत, म्हणजे गप्पींच्या पंधराएक पिढ्यांत, त्यांच्या वंशातले नर रंगीत झाले. उत्क्रांती डोळ्यांदेखत! तुझ्या टाकीत शिकारी नाही आणि धबधबाही नाही. तिथे निवडणारी असेल तुझ्या हातातली जाळी.

विक्रीचं इथेच ठरतं. चेन्नईतल्या कोळत्तूरमध्ये लोक घराघरांतून शोभेचे मासे वाढवतात. तिथून आणि कोलकात्याहून मासे आपल्याकडच्या दुकानांत येतात. मिसळ रंगांच्या गप्पींत त्यांच्या भावाशी तू टक्कर देऊ शकणार नाहीस. तुझं बळ दुसरं आहे. एकच रंग धर, समज लाल शेपटीचा. दर पिढीतले दोन-तीन उत्तम नर ठेव, बाकीचे वेगळे कर. चार पिढ्यांनी तुझ्याकडे जोडी मागायला येणाऱ्याला बहुतेक पिल्लं सारखी दिसतील. दुसरं म्हणजे तुझे मासे इथल्याच पाण्यात जन्मलेले असतील. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर चढतो ना, ते क्षार गप्पीला मानवतात. लांबून पिशवीत आलेला मासा दुकानात मान टाकतो तेव्हा तुझा तरतरीत असेल. दुकानदार सुरुवातीला पैशांऐवजी खाद्य देईल, तेही घे. आणि जास्तीची पिल्लं काही झालं तरी नदीत किंवा तळ्यात सोडायची नाहीत. परके मासे आपल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. टाक्यांतून सुटलेल्या सकर माशांनी देशातल्या कितीतरी पाण्यांत हेच केलंय.

पिल्लांना दणक्यात वाढवायचं असेल तर ही पुडी बघ. वाळूसारखी तपकिरी पूड आहे ना? ही आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाची अंडी. तळी आटली तरी ही वर्षानुवर्षं कोरडी, निपचित पडून राहतात. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात टाकून हवा सोडली की साधारण एका दिवसात केशरी ठिपके वळवळायला लागतात. बरणीच्या एका बाजूला टॉर्च धरला की सगळे उजेडाकडे धावतात. तिथून नळीनं ओढून घ्यायचे, गोड्या पाण्यात धुवायचे आणि पिल्लांना द्यायचे. मला अजूनही दर वेळेला हात थांबवून बघत राहावंसं वाटतं.

तर उद्या काय करायचं? मासे आणायचे नाहीत. टाकी भरायची, फिल्टर सुरू करायचा आणि चिमूटभर खाद्य रोज टाकायचं. माशांच्या मलमूत्रातून होतो तसा कुजलेल्या खाद्यातूनही अमोनिया होतो, तो माशांना विष आहे. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. फिल्टरच्या स्पंजात हे जिवाणू वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या दिवसांत टाकीत काहीच दिसणार नाही. तुझे मित्र येतील आणि विचारतील, मासे कुठे आहेत? त्यांना स्पंज दाखव.

बादली उचल आता. अर्धीच भर, हात दुखेल.