हातांच्या कोरड्या त्वचेची घरगुती निगा

रुग्णालयाच्या खरेदीच्या तपशिलात पांढऱ्या पेट्रोलियम जेलीची नोंद पाहून काही देणगीदारांस आश्चर्य वाटते. ही वस्तू आम्ही सौंदर्यप्रसाधन म्हणून घेत नाही. तिचा खर्च संसर्ग-प्रतिबंध या शीर्षाखाली धरतो. त्यामागील कारण येथे विशद करावेसे वाटते. रुग्णांच्या नातलगांसही त्याचा घरी उपयोग होईल.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांमधील स्निग्ध द्रव्य दर्जांतील चुन्याचे काम करते व आतील ओलावा धरून ठेवते. साबण मळाबरोबर हे द्रव्यही काढून नेतो. पाणी कढत असल्यास अधिकच. तळहाताला तैलग्रंथी नसल्याने अन्यत्र मिळणारे तेलाचे आवरणही तेथे लाभत नाही. भांडी-धुणी करणाऱ्या भगिनी, सिमेंट हाताळणारे गवंडी, आमच्या परिचारिका आणि रुग्णाच्या उशाशी बसून दिवसातून अनेकदा हात धुणारे नातलग, या सर्वांना हा त्रास होतो. थंडीतील कोरड्या हवेत तो वाढतो.

भेगाळलेल्या हातांना साबण झोंबतो, म्हणून माणूस हात धुणेच टाळू लागतो. शिवाय भेगांमध्ये जंतू ठाण मांडतात. रुग्णालयाच्या दृष्टीने खरी चिंता हीच आहे. शस्त्रक्रियेतील रबरी हातमोज्यांचा इतिहासही या संदर्भात मनोरंजक आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने खराब होत, म्हणून शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. रुग्णाच्या रक्षणाचा विचार त्यांना मागाहून जोडला गेला.

उपाय साधा आहे, मात्र त्याची वेळ साधली पाहिजे. हात साध्या किंवा कोमट पाण्याने धुवावेत. बोटांच्या बेचक्यांत व अंगठीखाली साबण राहू देऊ नये. मऊ कापडाने घासून न पुसता टिपून घ्यावेत आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे. पूर्ण सुकलेल्या हातावर तेच मलम निम्मेही काम करीत नाही, असा आमच्या परिचारिकांचा अनुभव आहे. रात्री जाडसर थर देऊन सुती हातमोजे घालावेत; स्वच्छ धुतलेले जुने पायमोजेही चालतात. महागड्या सुवासिक क्रीमची गरज नाही, उलट सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी होते. भांडी घासताना रबरी मोजे वापरावेत, पण आत सुती मोजा असावा व घाम येताच ते काढावेत. भेगांवर लिंबू चोळणे किंवा जंतुनाशक औषध पाणी न घालता ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे.

हातांवर उघड मळ नसेल तेव्हा सॅनिटायझर हा साबणापेक्षा त्वचेस सौम्य पर्याय ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या मिश्रणात याच कारणासाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल असते. भेगांवर ते क्षणभर झोंबते, परंतु त्याने स्निग्धांश साबणाइतका जात नाही.

दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास, पाणी किंवा पू येत असल्यास, अथवा एकाच हाताची त्वचा कोरडी होऊन कोंडा धरीत असल्यास तज्ज्ञांना दाखवावे. एका हाताचा कोरडेपणा पुष्कळदा बुरशीचा असतो. औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावू नये. मधुमेहींनी तर किरकोळ भेगही दाखवावी. आणि कोरड्या भागाला गरम-थंड कळत नसेल, तर विलंब न करता तपासणी करावी, कारण ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. या रोगाने मज्जातंतू बाधित होऊन घाम थांबतो व त्वचा कोरडी पडते. अशा रुग्णांस हात रोज काही वेळ साध्या पाण्यात बुडवून, लगेच तेल लावण्यास शिकवितात. या रोगावरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.